भोगवर्धनाचे दान

जालना जिल्ह्यात प्राचीन बौद्ध मंदिर पाहण्यासाठी निघणाऱ्याने आरंभीच एक गोष्ट मान्य करावी लागते, ती अशी की अजिंठा, वेरूळ किंवा पितळखोरे यांच्या तोडीचे, आजही उभे असलेले बौद्ध वास्तुशिल्प या जिल्ह्याच्या हद्दीत नाही. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी या जिल्ह्यांचे भाग वेगळे काढून जालना जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा अजिंठ्याच्या डोंगररांगेतील लेणी शेजारच्या जिल्ह्यात राहिली आणि त्या रांगेच्या दक्षिणेकडे पसरलेली पूर्णा, गिरजा, केळना व जुई या नद्यांची काळ्या मातीची खोरी जालन्याकडे आली. परंतु मंदिर म्हणजे केवळ दगडातील आकार नव्हे. ज्यांच्या पैशातून, कौशल्यातून आणि श्रद्धेतून ते उभे राहिले त्या माणसांची वस्ती हाही मंदिराचाच भाग मानला, तर बौद्ध धर्माच्या इतिहासात जालना जिल्ह्याचे स्थान कोणत्याही लेण्याइतकेच महत्त्वाचे ठरते. ही वस्ती म्हणजे आजचे भोकरदन, प्राचीन काळचे भोगवर्धन.

बौद्ध परंपरेत ज्याला ढोबळमानाने मंदिर म्हणता येईल, त्याचे तीन प्रकार प्रथम वेगळे करून घेणे इष्ट आहे. बुद्धाच्या किंवा थोर भिक्षूंच्या अस्थींवर, अथवा त्यांच्या स्मरणार्थ, उभारलेली अर्धगोलाकार घन वास्तू म्हणजे स्तूप. स्तूप आत ठेवून त्याभोवती प्रदक्षिणेसाठी वाट सोडलेले प्रार्थनागृह म्हणजे चैत्यगृह. आणि मधला चौक किंवा मंडप व त्याच्या कडेने खोल्या अशी रचना असलेले भिक्षूंचे निवासस्थान म्हणजे विहार. या तिन्ही वास्तू निर्माण करण्याची ऐपत एकट्या भिक्षुसंघाकडे नव्हती आणि तत्त्वतः असूही नये अशी अपेक्षा होती, कारण भिक्षूने द्रव्यसंचय करायचा नाही हा विनयाचा, म्हणजे भिक्षुजीवनाच्या नियमांचा, पाया आहे. त्यामुळे प्रत्येक स्तूपामागे, प्रत्येक लेण्यामागे एखादे नगर, एखादा बाजार, एखादे कुटुंब असतेच. मराठवाड्यातील लेणी पाहणारे या मागच्या नगरांकडे फारसे वळत नाहीत, आणि त्यामुळे लेणे जणू डोंगरातून आपोआप उगवले असावे असा समज पक्का होत जातो.

भोगवर्धन हे नाव जुने आहे. मार्कंडेय पुराणातील दक्षिणेच्या जनपदांच्या यादीत ते अश्मक आणि मूलक यांच्या सोबतीने येते. अश्मक आणि मूलक हे गोदावरीच्या खोऱ्यातील प्रदेश असल्याने भोगवर्धनाचा शोधही याच भागात घेणे स्वाभाविक होते. केळनेच्या काठी वसलेल्या भोकरदनच्या जुन्या भागात जमिनीचा रंग बदलतो. शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी असा भेद मराठी खेड्यात पिढ्यान्‌पिढ्या केला जातो, आणि पुरातत्त्वाच्या दृष्टीने तो अत्यंत नेमका आहे, कारण शेकडो वर्षांच्या चुलींची राख, पडलेल्या मातीच्या भिंती, फुटकी मडकी आणि हाडे यांच्या थरांवर थर साचूनच पांढरीचे टेकाड तयार होते. धाब्यावर टाकण्यासाठी आणि भिंती लिंपण्यासाठी लोक हीच माती खणून नेतात, आणि त्या खणण्यात मणी, नाणी व मृण्मय मूर्ती अधूनमधून हाती येतात. १९७३ साली नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी संयुक्तपणे येथे उत्खनन केले, शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते या दोन अभ्यासकांनी त्याचा अहवाल १९७४ मध्ये प्रसिद्ध केला, आणि त्यात कंसामध्ये भोगवर्धन हे नाव देऊन भोकरदनची ओळख त्यांनी ग्रंथाच्या मथळ्यातच नोंदवली.

उत्खननातून जे नगर समोर आले ते सातवाहन काळात भरभराटीला आलेले कारागिरांचे आणि व्यापाऱ्यांचे गाव होते. सातवाहन हे इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकांत आणि नंतरच्या दोनअडीच शतकांत दख्खनवर राज्य करणारे घराणे, ज्यांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे पैठण, येथे होती. पैठणपासून भोकरदन सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटर उत्तरेस आहे. सातवाहनांची नाणी, निरनिराळ्या दगडांचे मणी, शंखाच्या वस्तू, साच्यातून काढलेल्या मातीच्या मूर्ती अशा वस्तूंवरून या नगरातील घरोघरच्या उद्योगाची कल्पना येते. पण ज्या एका वस्तूमुळे भोकरदनचे नाव जगभरच्या अभ्यासकांच्या लिखाणात गेले ती म्हणजे हस्तिदंताची एक खंडित स्त्रीमूर्ती. १९३८ साली इटलीतील पाँपेई येथे, इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या एका घरात, हस्तिदंताची जवळजवळ वीतभर उंचीची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली होती. तिच्या दोन्ही बाजूंना बुटक्या दासी आहेत, अंगावर भरगच्च दागिने आहेत, आणि ती आज नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. भोकरदनची खंडित मूर्ती घडणीने तिच्या इतकी जवळची आहे की पाँपेईच्या मूर्तीचे माहेर याच प्रदेशात असावे असे मत काही अभ्यासकांनी मांडले. तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथेही याच परंपरेतील हस्तिदंती मूर्ती मिळाली असून ती तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभ्या राहिलेल्या संग्रहालयात आहे. पाँपेईच्या मूर्तीवर खरोष्ठी या वायव्य भारतातील लिपीतील खूण असल्याने तिच्या प्रवासाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, आणि तो कोणत्याही एका गावाच्या अभिमानासाठी घाईने सोडवू नये. तरीसुद्धा हस्तिदंत कोरणारा हात या खोऱ्यात होता एवढे मात्र निश्चित आहे.

हस्तिदंताचा हा धागा थेट बौद्ध वास्तूंपर्यंत जातो. मध्य प्रदेशातील सांची येथील मोठ्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर, म्हणजे दक्षिणेकडील कोरीव प्रवेशकमानीवर, जवळच्या विदिशेतील दंतकारांनी हे कोरीव काम केल्याचा लेख आहे. हस्तिदंतावर नखाएवढ्या जागेत पाने, मोती, माणसे आणि प्राणी बसवण्याची सवय असलेल्या हातांनी जेव्हा दगडावर छिन्नी धरली, तेव्हा सांचीच्या तोरणांना ती विलक्षण दाटी आणि बारकाई आली, हे त्या तोरणासमोर उभे राहिल्यावर सहज पटते. त्याच दक्षिण तोरणावर श्री सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख असलेल्या वासिष्ठीपुत्र आनंद याच्या दानाचाही लेख आहे. म्हणजे विदिशेचे दंतकार आणि सातवाहन राजाचा कारागीर एकाच कमानीवर आपली नावे ठेवून गेले, आणि त्याच सांचीच्या दगडांवर भोगवर्धनच्या रहिवाशांचीही नावे आली.

या लेखांचे स्वरूप थोडे विस्ताराने पाहणे आवश्यक आहे, कारण जालना जिल्ह्याचा बौद्ध इतिहास मुख्यतः त्यांच्यातच सुरक्षित राहिला आहे. स्तूपाभोवती दगडाचे कुंपण असते, त्याला वेदिका म्हणतात. वेदिकेचे उभे खांब, त्या खांबांना जोडणारे आडवे दगड म्हणजे सूची, आणि वरून बसवलेला लांब दगड म्हणजे उष्णीष. सांचीच्या मोठ्या स्तूपाची अशी वेदिका इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास उभी राहिली, आणि ती एका राजाने एका फटक्यात बांधलेली नाही. एकेक सूची, एकेक खांब, पायवाटेचा एकेक दगड वेगवेगळ्या माणसांनी दिला. सांचीवर आठशेच्या वर लेख आहेत आणि त्यांतील बहुसंख्य लेख एका ओळीचेच आहेत: देणाऱ्याचे नाव, कधी नाते, कधी व्यवसाय, कधी गाव, आणि शेवटी दान हा शब्द. देणाऱ्यांत श्रेष्ठी म्हणजे मोठे व्यापारी आहेत, विणकर आहेत, गृहिणी आहेत, भिक्षू आहेत आणि भिक्खुणी, म्हणजे संघात प्रवेश केलेल्या स्त्रिया, तर मोठ्या संख्येने आहेत. त्यांची गावे उज्जयिनी, विदिशा, माहिष्मती, प्रतिष्ठान अशी दूरदूर पसरलेली आहेत, आणि त्यांत भोगवर्धन आहे. सतना जिल्ह्यातील भारहूत येथे १८७३ साली पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांना आढळलेल्या आणि आता कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात असलेल्या वेदिकेच्या दात्यांमध्येही भोगवर्धनाचा उल्लेख येतो. त्याच भारहूतला नाशिक आणि कऱ्हाड येथील माणसांनीही दान दिले होते.

या एका ओळीच्या लेखांचे भारतीय इतिहासावर आणखी एक मोठे ऋण आहे. १८३७ साली इंग्रज अभ्यासक जेम्स प्रिन्सेप यांच्यासमोर सांचीच्या या छोट्या लेखांचे ठसे आले, तेव्हा जवळजवळ प्रत्येक लेख त्याच अक्षरांनी संपतो हे त्यांच्या ध्यानात आले आणि ती अक्षरे दानं अशी असली पाहिजेत असा तर्क त्यांनी केला. त्या तर्कातून ब्राह्मी लिपीची किल्ली हाती आली आणि तिच्या साहाय्याने सम्राट अशोकाच्या आज्ञा वाचता आल्या. ज्या काळात मोठमोठ्या राजांचे शिलालेख मुके होऊन पडले होते, त्या काळात विणकरांच्या, व्यापाऱ्यांच्या आणि भिक्खुणींच्या लहानशा देणग्यांनी त्यांना वाचा मिळवून दिली, आणि या देणाऱ्यांच्या मेळ्यात आपल्या पूर्णाखोऱ्यातील माणसे होती ही जाणीव भोकरदनच्या शाळेतल्या प्रत्येक मुलापर्यंत पोचायला हवी असे मनापासून वाटते.

भोकरदन ते सांची हे अंतर सरळ रेषेत मोजले तरी चारशे किलोमीटरच्या आसपास भरते. मध्ये अजिंठ्याची रांग, तापी, सातपुडा, नर्मदा आणि विंध्य. असे असताना केळनेकाठच्या एखाद्या माणसाला सांचीच्या कुंपणातील दगडासाठी द्रव्य द्यावेसे का वाटले असावे, या प्रश्नाचे उत्तर रस्त्यात आहे. पाली भाषेतील सुत्तनिपात या अतिप्राचीन बौद्ध ग्रंथात, गोदावरीकाठी राहणाऱ्या बावरी नावाच्या ब्राह्मणाने आपले सोळा शिष्य बुद्धाकडे प्रश्न विचारण्यासाठी पाठवल्याची कथा आहे, आणि त्यांच्या वाटेवरची गावे क्रमाने दिली आहेत: प्रतिष्ठान, माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कौशांबी, साकेत, श्रावस्ती आणि शेवटी मगध. पैठणहून माहिष्मतीकडे निघालेल्याला पूर्णेचे खोरे पार करून अजिंठ्याच्या रांगेतील घाट उतरावाच लागतो, आणि भोगवर्धन हे त्या घाटाच्या अलीकडचे, बैलांना विसावा देण्याचे आणि माल बदलण्याचे शेवटचे मोठे नगर असावे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या सागरी मार्गदर्शिकेत पैठण आणि तेर येथून दुर्गम वाटांनी गाड्यांवर माल भडोचच्या बंदराकडे जातो असे वर्णन आहे. भिक्षू आणि व्यापारी या एकाच वाटेचे प्रवासी होते. व्यापाऱ्याला वाटेत सोबत, निवारा आणि विश्वासाची माणसे हवी असत, तर भिक्षूला रोजची भिक्षा. एकाच्या तांड्याबरोबर दुसऱ्याचा धम्म पुढे सरकत गेला. सांचीचा स्तूप भोगवर्धनच्या व्यापाऱ्याला परका नव्हता, कारण तो त्याच्या नेहमीच्या वाटेवरचे ठिकाण होता.

आज भोकरदनमध्ये फिरणाऱ्याला केळनेच्या काठावर खडकात कोरलेले एक लेणे दिसते, आणि बौद्ध इतिहासाच्या शोधात आलेला माणूस साहजिकच तिकडे ओढला जातो. परंतु ते लेणे बौद्ध नाही. तुकाईचे लेणे म्हणून ओळखले जाणारे हे लेणे त्यातील शिल्पांवरून वैष्णव ठरते आणि ते राष्ट्रकूट काळातले, म्हणजे आठव्या-नवव्या शतकाच्या आसपासचे, मानले जाते. ज्या प्रदेशातील लोकांनी त्याआधी सुमारे हजार वर्षे स्तूपासाठी दान दिले होते, त्यांच्या वंशजांनी विष्णूसाठी खडक कोरला, आणि पुढे बाराव्या शतकाच्या सुमारास याच तालुक्यातील अन्वा येथे अप्रतिम शिल्पांचे दगडी मंदिर उभे राहिले, ज्याच्या बाह्य भिंतींवर विष्णूच्या शक्तींच्या, म्हणजे त्याच्या स्त्रीरूपांच्या, मूर्ती आहेत आणि आत आज शिवलिंगाची पूजा होते. अन्वा हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे एवढेच नोंदवायचे की कोणत्याही एका धर्माच्या चौकटीत हा परिसर बसवण्याचा प्रयत्न केला तर त्याचा अर्धा इतिहास बाहेर राहतो. प्राचीन नगरांतील वास्तू विटांच्या आणि लाकडाच्या असत, त्या पावसाने आणि पुढच्या पिढ्यांच्या गरजेने नाहीशा होत. डोंगरातील दगड मात्र टिकला. म्हणूनच भोगवर्धनच्या उपासकांचे, म्हणजे गृहस्थ अनुयायांचे, दर्शन घेण्यासाठी शेवटी डोंगराकडेच जावे लागते.

भोकरदनहून अजिंठ्याची लेणी सरळ रेषेत पस्तीस किलोमीटरच्या आत आहेत. सिल्लोडच्या बाजूने उत्तरेकडे जाताना पठार हळूहळू चढत जाते, आणि चढ इतका सौम्य असतो की आपण एका मोठ्या कड्याच्या माथ्यावर येऊन पोचलो आहोत हे अजिंठा गाव मागे टाकून घाटाच्या वळणावर येईपर्यंत कळत नाही. मग एकदम जमीन तुटते आणि खाली तापीच्या खोऱ्याकडे उघडणारा प्रदेश दिसतो. ही भूरचना लक्षात घेतली की लेण्यांची जागा कशी निवडली गेली तेही उमगते: घाटवाटेपासून हाकेच्या अंतरावर, पण वाटेवर नव्हे, वाघोरा नदीने कोरलेल्या नालाकृती दरीत, जेथे पाणी आहे, सावली आहे आणि कठीण बेसाल्टचा सलग कडा आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूने एका जागी राहावे, हा वर्षावासाचा नियम पाळायला याहून योग्य ठिकाण शोधून सापडले नसते. त्या महिन्यांत तांडेही थांबत, नद्या उतरेनाशा होत, आणि शेताची कामे संपता संपता उपदेश ऐकायला गावकऱ्यांना सवड मिळे.

अजिंठ्यातील तीस लेण्यांपैकी बहुतेक पाहुणे पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या आणि सतराव्या लेण्यांतील चित्रांसमोर थांबतात, आणि ते योग्यच आहे, कारण पाचव्या शतकातील ती चित्रे जगाच्या कलेतील शिखरांपैकी आहेत. परंतु भोगवर्धनाहून येणाऱ्याने प्रथम बाराव्या लेण्यात जावे. हा सातवाहनकालीन विहार आहे. समोरची भिंत कोसळली आहे, आत एक चौरस दालन आहे, तिन्ही बाजूंना मिळून बारा खोल्या आहेत आणि प्रत्येक खोलीत दगडातच कोरलेले दोन ओटे आहेत, ज्यांवर भिक्षू निजत. खोल्यांच्या दारांवर घोड्याच्या नालेच्या आकाराच्या कमानी सोडल्या तर अलंकरण फारसे नाही. भिंतीवर एक छोटा लेख आहे, त्यात घनामदड नावाच्या वाण्याने, म्हणजे व्यापाऱ्याने, हे दान दिल्याचे सांगितले आहे. या नावापुढे पदव्या नाहीत, वंशावळ नाही, पुण्याची मागणी नाही. शेजारच्या दहाव्या लेण्यात, ३९ अष्टकोनी खांबांच्या त्या भव्य चैत्यगृहात, दर्शनी भागावर वासिष्ठीपुत्र कटहादी याने हे घरमुख, म्हणजे समोरची बाजू, दिल्याचा असाच एका ओळीचा लेख आहे. पश्चिमेकडील पितळखोऱ्याच्या लेण्यांतही पैठणच्या मितदेव या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे दान नोंदलेले आहे, आणि तेथील यक्षमूर्ती कृष्णदास नावाच्या सोनाराने घडवल्याचे तिच्या हातावरच्या लेखावरून कळते. वाणी, गंधी, सोनार, दंतकार: सातवाहन काळातील बौद्ध मंदिर हे बाजाराने बांधलेले मंदिर होते.

पाचव्या शतकात चित्र पालटते. वाकाटक सम्राट हरिषेण याच्या काळात अजिंठ्याला दुसऱ्यांदा बहर आला, आणि या वेळी दाते राजकुळांतले आणि दरबारातले होते. सोळावे लेणे हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने दिले, ज्याने याच डोंगररांगेत जंजाळ्याजवळ घटोत्कच लेणेही कोरवले. सतरावे लेणे एका मांडलिक राजाने दिले आणि त्याच्या लेखात भावाच्या मृत्यूचा शोक आहे. सव्विसावे लेणे बुद्धभद्र या भिक्षूने अश्मकाच्या मंत्र्याच्या, भव्विराजाच्या, स्मरणार्थ कोरवले, आणि जोवर जगात स्मृती टिकते तोवर माणूस स्वर्गसुख भोगतो, म्हणून चंद्रसूर्य असेतो टिकणारे स्मारक डोंगरात करावे असा विचार त्याने संस्कृत श्लोकांत मांडला. हे लेख सुंदर आहेत, त्यांतील शोक खरा आहे, आणि सव्विसाव्या लेण्यातील महापरिनिर्वाणाचे शिल्प पाहताना कोणाचेही मन हलल्याशिवाय राहत नाही. तरीही घनामदडाच्या त्या एका ओळीची उंची वेगळी आहे. तिला चंद्रसूर्यांची साक्ष लागत नाही. दिले आणि देणाऱ्याचे नाव लिहिले, एवढ्यावर ती थांबते.

अमेरिकेचे अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनी अर्ध्या शतकाहून अधिक काळ अजिंठ्याचा अभ्यास करून एक महत्त्वाचा सिद्धान्त मांडला, की हरिषेणाच्या मृत्यूनंतर राज्य विस्कटले, मोठे दाते निघून गेले, आणि मग काही थोडी वर्षे सामान्य भिक्षूंनी व उपासकांनी मोकळ्या जागा पाहून, कोणत्याही एकसंध आराखड्याशिवाय, आपापल्या ऐपतीच्या बुद्धमूर्ती कोरवल्या आणि रंगवल्या. नवव्या व दहाव्या लेण्यांच्या जुन्या खांबांवर पाचव्या शतकातील बुद्धप्रतिमा रंगवलेल्या आहेत आणि त्यांच्या खाली दात्यांची बारीक अक्षरांतील नावे आहेत. कलेच्या शिस्तीच्या दृष्टीने हा अव्यवस्थेचा काळ म्हटला जातो, आणि आराखड्याचा विचार केला तर ते चूक नाही. पण मंदिर कोणाचे असते या प्रश्नाच्या दृष्टीने पाहिले तर मंत्री आणि मांडलिक निघून गेल्यावर शेवटी उरले ते पुन्हा छोट्या देणग्या देणारे लोकच.

त्यानंतर विस्मरणाचा मोठा काळ आला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदनजवळील असई येथे, केळना आणि जुई यांच्या संगमावरील रणभूमीवर, आर्थर वेलस्ली याच्या इंग्रज फौजेची शिंदे-भोसले यांच्या सैन्याशी मोठी लढाई झाली आणि तिच्यातील जखमींना अजिंठा गावात नेण्यात आले. लेण्यांपासून थोड्याच अंतरावर इतकी माणसे कण्हत पडली असताना दरीतील चित्रांची खबर त्या फौजेला नव्हती; ती २८ एप्रिल १८१९ रोजी, शिकारीच्या निमित्ताने आलेल्या जॉन स्मिथ या अधिकाऱ्याला मिळाली, आणि त्याने आपले नाव व तारीख दहाव्या लेण्यातील खांबावरच्या चित्रात ओरखडून ठेवली. त्याच खांबांवरील दात्यांची नावे आणि हे नाव यांत फरक असा की दात्यांनी काही देऊन नाव लिहिले होते. परिसरातील गुराखी आणि वनवासी या गुहा पूर्वीपासून ओळखत होते, हे मात्र शोधाच्या कथेत फारसे सांगितले जात नाही.

विसाव्या शतकात या प्रदेशाशी बुद्धाचे नाते नव्याने जुळले, आणि ते संग्रहालयातून किंवा उत्खननातून जुळलेले नाही. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने औरंगाबाद येथे महाविद्यालय काढले. पुढे ते मिलिंद या नावाने प्रसिद्ध झाले आणि त्याच्या परिसराला नागसेनवन म्हणू लागले. मिलिंद म्हणजे भिक्षू नागसेनाला प्रश्न विचारणारा ग्रीक राजा मिनँडर, आणि तो इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला, म्हणजे सांचीच्या वेदिकेसाठी भोगवर्धनकर दान देत होते साधारण त्याच काळातला. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून आलेली, ज्यांच्या घरात पूर्वी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते अशी मुले तेथे शिकली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेनंतर याच खेड्यांत विहार उभे राहू लागले. प्राचीन विहार भिक्षूंच्या राहण्यासाठी होता; आजचा विहार वस्तीच्या एकत्र येण्यासाठी आहे, आणि वर्षावासाचे तीन महिने तेथे संध्याकाळी, शेतातून आणि कामावरून परतल्यावर, बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ क्रमाने वाचला जातो. भिक्षूंचा जुना नियम गृहस्थांनी ग्रंथवाचनाच्या रूपाने आपल्या घरी आणला, ही भारतीय बौद्ध परंपरेतील अलीकडच्या काळातली अत्यंत अर्थपूर्ण घडण आहे. मराठवाड्यातील अशी अनेक कुटुंबे अजिंठ्याला जातात तेव्हा स्तूपासमोर हात जोडून त्रिशरण, म्हणजे बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाण्याचे पाली वचन, म्हणतात. इतर पर्यटक ज्याला कलाकृती म्हणून पाहतात ते त्यांच्यासाठी आजही चैत्यगृह असते.

जालना जिल्ह्यातून अजिंठ्याला सहली जातात. त्या वाटेत भोकरदनला थोडे थांबून पांढरीचे टेकाड पाहिले, येथील मूर्ती पाँपेईच्या मूर्तीची बहीण शोभते आणि येथील लोकांची नावे सांचीच्या दगडांवर आहेत हे मुलांना सांगितले, तर बाराव्या लेण्यातील घनामदड त्यांना परका वाटणार नाही. टेकाडाची माती खणली जाणे थांबवणे आणि गावातच या इतिहासाची माहिती देणारी जागा असणे, या दोन्ही गोष्टी अवघड नाहीत आणि त्यांना उशीर होणे परवडणारे नाही, कारण एकदा उकरलेला थर पुन्हा वाचता येत नाही. ज्या वस्त्यांनी आपले विहार मजुरीच्या पैशातून आणि वर्गणीतून उभे केले आहेत, त्यांना या इतिहासाचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज भासत नाही: विहाराच्या भिंतीवरील देणगीदारांच्या फरशीवर नावापुढे गाव आणि रक्कम असते, तर सांचीच्या दगडावर नावापुढे गाव असते आणि रक्कम नसते, आणि त्यामुळे भोगवर्धनच्या त्या माणसांनी किती दिले होते हे विचारायला कधी कोणाला जागाच उरलेली नाही.